नाव आठवत नाही, गोष्ट आठवते : विज्ञानकादंबरी शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्याला काही प्रश्न पाठ होतात. त्यातला एक हमखास : "लहानपणी एक विज्ञानकादंबरी वाचली होती. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पण गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. सांगाल का कुठली ते?" त्याभोवतीचे उपप्रश्नही ठरलेले असतात. त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

फक्त कथानक आठवत असेल तर पुस्तक सापडतं का?

बऱ्याचदा सापडतं. पण शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका : ती कादंबरीच होती हा हट्ट. मराठीत विज्ञानसाहित्य जितकं आहे त्यातलं बहुतेक कथेच्या रूपात आहे. ते वाढलंच मुळी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या आधाराने. अनंत अंतरकरांचं 'नवल', नंतर 'धनंजय'सारखे दिवाळी अंक, आणि मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा. या तिन्ही ठिकाणी हवी असायची ती एका बैठकीत संपणारी कथा. जयंत नारळीकरांची सुरुवातही अशीच. १९७४ साली परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की ज. वि. ना. निघतात.

म्हणून "कादंबरी" असं लिहून शोधत बसलात तर चुकीच्या कपाटासमोर उभे राहाल. आधी कथासंग्रह, मग दिवाळी अंक, आणि सगळ्यात शेवटी कादंबऱ्या, असा क्रम ठेवा. वाचकांना हा क्रम पटत नाही, कारण आवडलेली गोष्ट आठवणीत नेहमी लांबच असते.

पण मी जाडजूड पुस्तक वाचल्याचं मला पक्कं आठवतंय!

वाचलं असेलच. कथासंग्रहही जाडजूड असतात. चौथी-पाचवीतल्या मुलाने दोन दुपारींत संग्रह संपवला, की पंचवीस वर्षांनी त्यातल्या तीन गोष्टींची मिळून एक गोष्ट झालेली असते. कधी दोन वेगळ्या पुस्तकांचीही एक होते.

एक नमुना बघा, अशा धर्तीची विचारणा वरचेवर येते : "मुंबईत बर्फ पडतो. एका शास्त्रज्ञाने आधीच सांगितलेलं असतं, कोणी ऐकलेलं नसतं. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. आणि घरात यज्ञ चाललेला असतो." असं एकच पुस्तक शोधायला गेलात तर जन्मभर सापडणार नाही, कारण या दोन गोष्टी आहेत, दोन्ही नारळीकरांच्या. मुंबईतला बर्फ आणि न ऐकलेला इशारा 'हिमप्रलय'मधला. धूमकेतू आणि यज्ञ 'धूमकेतू' या कथेतले. तिथे दत्तदा नावाच्या हौशी आकाशनिरीक्षकाला धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीच्या वाटेवर असल्याचं निघतं, शास्त्रज्ञ त्याला वळवायच्या खटपटीला लागतात आणि इकडे घरी संकटनिवारणासाठी यज्ञ मांडला जातो. दोन्हीत संकट आभाळातून येतं, दोन्हीत शास्त्रज्ञांची धावपळ आहे, म्हणून डोक्यात ती एकमेकींना चिकटतात.

तेव्हा आठवणारे प्रसंग आधी सुटे लिहून काढा. "आणि मग" हे शब्द गाळा. कुठल्या प्रसंगाला कुठला प्रसंग जोडलेला होता याची खात्री नसेल, तर जोडू नका.

नेमकं काय लिहिलं की ओळखणं सोपं जातं?

विषय लिहून काहीच होत नाही. "टाइम मशीन असतं", "परग्रहावरचे लोक येतात", "यंत्रमानव बिघडतो" हे म्हणजे "लग्नाची पत्रिका होती, वर गणपती होता" असं सांगून पत्रिका शोधण्यासारखं. कामाला येतो तो कथेला फारसा न लागणारा, पण दुसरीकडे कुठे नसणारा तपशील.

समजा कोणी लिहिलं, "एक माणूस समांतर जगात जातो, तिथला इतिहास वेगळा असतो." याला ढिगाने उत्तरं आहेत, इंग्रजीत तर विचारूच नका. आता तोच माणूस लिहितो, "इतिहासाचे एक प्राध्यापक मुंबईला येतात, तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य. ते ग्रंथालयात जाऊन बखर काढून बघतात. सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते आणि त्यावरून गोंधळ होतो." संपलं. हे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. त्यातही "खिशात बखरीचं फाटकं पान राहतं" एवढं एकच वाक्य असतं तरी भागलं असतं. विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी ज्या पानावर आहे, ते पान. कथेचा गाभा पानिपतच्या युद्धाचा निकाल उलटण्याचा. पण ओळखायला पान आणि खुर्ची पुरतात.

तसंच 'उजव्या सोंडेचा गणपती'. वाचकांना त्यातली भूमिती क्वचित आठवते. क्रिकेटचा सामना आठवतो, डावं-उजवं उलटल्याचं आठवतं. ते पुरेसं आहे.

याशिवाय तीन गोष्टी जरूर लिहा : कितवीत असताना वाचलं, कुठल्या गावात, आणि पुस्तक कुठून आलं होतं. शाळेच्या पेटीतून, भाड्याच्या लायब्ररीतून, मामाच्या कपाटातून की रद्दीतून. आठवीत १९८४ साली वाचलं असेल तर त्यानंतर आलेलं सगळं एका फटक्यात बाद होतं. गावाचा उपयोग वेगळा : तालुक्याच्या वाचनालयात ठरावीक प्रकाशकांचीच पुस्तकं यायची, त्यामुळे शोधाचं रिंगण लहान होतं.

मुखपृष्ठ निळं होतं, त्यावर रॉकेट होतं. याचा उपयोग?

वाचनालयातून आणलेलं पुस्तक असेल तर जवळजवळ शून्य. खूप हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाचं कागदी मुखपृष्ठ निघालं की त्याला बाइंडरकडे पाठवतात. तो पुठ्ठा घालतो, वर कापड किंवा रेक्झिन चढवतो, कण्यावर दाखल क्रमांक पडतो. आठवणारा निळा रंग प्रकाशकाचा नसून बाइंडरकडे त्या महिन्यात जे कापड होतं त्याचा असतो. शेजारचं 'मृत्युंजय'ही त्याच निळ्यात असेल.

पुस्तक घरातलं असेल तर गोष्ट निराळी. तरी आवृत्तीगणिक मुखपृष्ठं बदलतात हे लक्षात ठेवा. आजच्या आवृत्तीचं चित्र बघून "छे, हे नव्हे" म्हणत खरं पुस्तक बाजूला सारणारे बरेच असतात.

पात्रांची नावं आणि शेवट मला नीट आठवतात. त्यावर विसंबून राहू का?

शेवटावर नको. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबतीत वाचण्यासारखे आहेत. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांच्या लढाईची गोष्ट वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. वेळ जाईल तशी गोष्ट आखूड होत गेली, त्यांना अपरिचित होतं ते परिचित झालं, कनूची साधी होडी झाली, आणि न पटणारे दुवे गळून पडले किंवा पटतील असे करून घेतले गेले. आपणही तेच करतो. अर्धवट सोडलेला शेवट आठवणीत पूर्ण होतो, दुष्टाला शिक्षा होते.

यातून एक कामाचा नियम निघतो. मन विचित्र गोष्टी गुळगुळीत करत असतं. तरीही जो विचित्र तपशील इतकी वर्षं टिकला, तो बहुधा खरोखर पुस्तकातला असतो. गुळगुळीत, तर्काला धरून असणारा भाग तुम्ही घातलेला असू शकतो.

शीर्षकाचं मात्र उलट आहे. शब्द जिभेवर असतो पण बाहेर येत नाही, या अवस्थेवर रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी १९६६ साली काम केलं. अशा वेळी लोकांना शब्दाचं पहिलं अक्षर आणि साधारण लांबी पुष्कळदा बरोबर सांगता येते असं त्यांना दिसलं. "व-वरून काहीतरी होतं, लांबलचक नाव होतं" हे हसण्यावारी नेऊ नका. 'वामन परत न आला' असंही असू शकतं.

तेवढं सांगितलंच आहे, तर नेहमी विचारल्या जाणाऱ्या खऱ्या कादंबऱ्या कोणत्या?

जमिनीत खूप खोल खोदताना एका लुप्त, प्रगत संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार होतो आणि तो हाताबाहेर जायला बघतो : 'वामन परत न आला'. परग्रहावरून आलेला आणि पृथ्वीवर वाढलेला मुलगा : 'प्रेषित'. जगभरचे संगणक बिघडू लागतात आणि कारण पृथ्वीबाहेरचं निघतं : 'व्हायरस'. तिन्ही नारळीकरांच्या. लोकांना विज्ञानकादंबरी म्हटलं की तेच आठवतात, आणि त्यामुळे इतरांची पुस्तकंही त्यांच्याच नावावर खपतात. हा शोधातला मोठा अडथळा आहे. अरुण साधूंनी 'स्फोट' आणि 'विप्लवा' लिहिल्या हे राजकीय कादंबऱ्यांमुळे त्यांना ओळखणाऱ्यांच्या गावीही नसतं. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' आहे. कथांमध्ये बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. नारळीकरांच्या यादीत सापडलं नाही की शोध सोडू नका, खरा शोध तिथे सुरू होतो.

गोष्ट विज्ञानाची होती, पण वाचताना घाबरायला झालं होतं. भयकथा असेल का?

नारायण धारप बघा. भयकथांमुळे त्यांची सगळीच पुस्तकं वाचनालयात त्या कपाटात जातात, पण 'गोग्रॅमचा चितार', 'नेनचिम' यांसारखी त्यांची विज्ञानाच्या अंगाने जाणारी पुस्तकं आहेत. "दुसऱ्या जगातले लोक, विचित्र नावं, रात्री दिवा लावून वाचलं" असं वर्णन आलं की मी आधी धारपांकडे वळतो. मला विचाराल तर त्यांच्या या बाजूकडे समीक्षकांनी फारच कमी लक्ष दिलं.

मराठीत वाचलं, तरी मूळ पुस्तक परकीय असू शकतं?

मुलांच्या पुस्तकांत तर ही शक्यता सगळ्यात आधी धरा. फास्टर फेणेवाल्या भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नची कितीतरी पुस्तकं मराठीत आणली. ज्वालामुखीच्या तोंडातून पृथ्वीच्या पोटात उतरणारे काका-पुतणे, जुन्या चिठ्ठीतली सांकेतिक लिपी, आत समुद्र, आणि शेवटी दुसऱ्याच ज्वालामुखीतून बाहेर : हे 'पाताळलोकची अद्भुत यात्रा'. तोफेतून चंद्राकडे सोडलेला गोळा 'चंद्रावर स्वारी'तला. भागवतांचं मराठी इतकं घरचं आहे की मूळ फ्रेंच आहे हे मुलांना जाणवत नसे.

व्हर्नचं हे वेड भागवतांच्याही आधीचं. 'केरळ कोकिळ' मासिकाने १९०० सालीच 'चंद्रलोकची सफर' छापायला घेतली होती. पणजोबांनी सांगितलेली चंद्राची गोष्ट शोधत असाल तर तिकडे जा.

दुसरा मोठा झरा सोव्हिएत पुस्तकांचा. मीर, रादुगा, प्रोग्रेस या प्रकाशनांची स्वस्त, सुबक छपाईची पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत आणि फिरत्या प्रदर्शनांत मिळायची. "माशासारखे कल्ले बसवलेला मुलगा, समुद्रात राहतो" असं कोणी म्हणालं की तो अलेक्झांडर बेल्यायेवचा इख्तियांदर, १९२८ सालच्या कादंबरीतला. "धडावेगळं ठेवलेलं जिवंत डोकं, ते बोलतं" हेही त्याचंच, प्रोफेसर डॉवेलचं. अनेकांनी ही इंग्रजीतून वाचली आणि आठवण मात्र मराठीत साठवली. भाषा कुठली होती यावर पैज लावू नका.

ते पुस्तकच होतं याची खात्री कशी करू?

चित्रं फारच स्पष्ट आठवत असतील तर शंका घ्या. १९८९ साली दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' या मालिका होत्या, १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' आली. त्या पिढीतली बरीच "हरवलेली पुस्तकं" तिथे सापडतात. त्याआधीच्या पिढीसाठी इंद्रजाल कॉमिक्स : वेताळ आणि मँड्रेकच्या जोडीने त्यात फ्लॅश गॉर्डनही यायचा, आणि ती मराठीतही निघत. तुमच्या आठवणीत कोणाच्या मनातले विचार आहेत का, की फक्त दिसणारे प्रसंग? पुस्तक वाचलेल्याला पात्राच्या मनातलं काहीतरी आठवतंच.

कुठे शोधायचं? इंटरनेटवर मराठीत काही मिळत नाही.

मिळतं, पण लेखनाच्या खोड्या सांभाळाव्या लागतात. आइनस्टाइन, आईन्स्टाईन, आइन्स्टाईन, तिन्ही करून बघा. 'ॲ' दोन प्रकारे टंकलेला असतो, दिसायला सारखा, यंत्राला वेगळा. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींत मराठी नावं रोमन लिपीत आणि तीही चिन्हांसकट असतात, तेव्हा नावातला एकच सोपा शब्द टाकून शोधा. बऱ्याच जुन्या मजकुराचे टंक युनिकोडपूर्व आहेत. तो पडद्यावर वाचता येतो, पण शोधयंत्राला सापडत नाही.

ड्युई पद्धत पाळणाऱ्या ग्रंथालयांत मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ खाली असते. त्या आकड्यात सामाजिक, ऐतिहासिक, वैज्ञानिक सगळं एकत्र. म्हणून कपाटासमोर उभं राहून चाळण्यापेक्षा ग्रंथपालांशी बोलणं बरं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. अशा ठिकाणी जुने दिवाळी अंक बघायला मिळण्याची आशा असते. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने काही ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवणं बंधनकारक आहे. त्यात कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि मुंबईत टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. सगळे प्रकाशक नेमाने पाठवतात असं नाही, तरी नाव कळल्यावर खातरजमेला ही जागा चांगली. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हा थोर ग्रंथ आहे, पण ती १९५० पर्यंतच. तुमची आठवण त्यानंतरची असेल तर तिच्यात वेळ घालवू नका.

परदेशात असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाकडे विचारून बघा. काही मंडळांची लहानशी ग्रंथालयं असतात, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत देश सोडलेल्यांनी सोबत नेलेली पुस्तकं तिथे येऊन पडतात.

एआयला विचारलं तर चटकन सांगेल ना?

चटकन सांगेल, आणि पंचाईत तिथेच आहे. गाजलेल्या इंग्रजी पुस्तकांना ते बरं ओळखतं. मराठी विज्ञानकथेबाबत मात्र खरा लेखक, खरा प्रकाशक आणि अस्तित्वात नसलेलं शीर्षक अशी मोट आत्मविश्वासाने बांधून देतं. वाचक ते नाव घेऊन आमच्याकडे येतात आणि यादीत नाही म्हटलं की आमच्यावरच रुसतात. मिळालेलं नाव निदान एका ग्रंथालयाच्या सूचीत दिसल्याशिवाय खरं धरू नका. "या वर्णनाशी जुळणाऱ्या कल्पना कोणत्या?" असं विचारलंत तर उपयोग जास्त होतो, कारण त्यातून शोधायला नवे शब्द मिळतात.

पुस्तक ओळखलं! पण बाजारात नाही. स्कॅन मिळेल का?

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०८५ अखेरपर्यंत. छापील प्रत मिळत नाही म्हणून हक्क संपत नाही, तेव्हा अख्ख्या पुस्तकाचं स्कॅन मागू नका. प्रकाशकाला पत्र टाका, नव्या आवृत्तीची चौकशी करा. चार जणांनी विचारलं तर पुनर्मुद्रणाचा विचार होतो. तोवर माटुंग्याला किंग्ज सर्कलचा पदपथ आहे, जुन्या पुस्तकांचे विक्रेते आहेत. त्यांना शीर्षक सांगताना लेखकाचं नावही सांगा आणि फोन नंबर लिहून ठेवा. आणि दिवाळी अंकातली कथा असेल तर वर्ष आधी पक्कं करा, कारण गठ्ठे वर्षाप्रमाणे बांधलेले असतात आणि ते सोडून दाखवायला कोणी तयार नसतं.